सहावा गठ्ठा

२०२१ च्या पावसाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमारास मी एका फाईलमध्ये ७ हा आकडा टाईप केला, सेव्ह केलं आणि झोपायला गेले.

नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर एका क्लायंटच्या गोदामांमध्ये चालायचं. माल आला, माल गेला, स्कॅनर मारला, स्टॉकचा आकडा बदलला, एवढंच काम. त्या रात्री सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली. डिस्क भरली की सर्व्हर सरळ बंद पडत नाही, तो भ्रमिष्टासारखा वागायला लागतो. लॉगिन होतं पण सेव्ह होत नाही, एखादं पान उघडतं आणि दुसरं कोरं येतं. मी लॉगच्या फोल्डरमध्ये शिरले तर तिथे ४० जीबीची एक फाईल बसली होती. उडवली. डिस्क तरीही भरलेलीच.

तेव्हा घाम फुटला होता, आता कारण माहीत आहे. लिनक्समध्ये एखादा प्रोग्राम फाईल उघडून बसलेला असेल, तर ती पुसली तरी फक्त तिचं नाव जातं, जागा सुटत नाही. हजेरीपटावरून मुलाचं नाव काढलं, पण मुलगा अजून बाकावरच बसलाय, तसं. प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला, जागा सुटली. मग अशी रात्र पुन्हा नको म्हणून 'लॉगरोटेट' नावाच्या टूलची सेटिंग लिहिली. रोज नवी फाईल सुरू कर, जुन्या सात ठेव, त्यामागची पुसून टाक. सातच का? आठवड्याचे वार सात असतात म्हणून. याहून जास्त विचार मी केला नव्हता.

महिनाभराने मॅनेजरचा मेसेज आला. एका गोदामात रात्रपाळीच्या माणसाच्या लॉगिनवरून स्टॉक कमी दाखवला गेला होता आणि तेवढा माल खरोखर गायब होता. तो म्हणत होता, मी तेव्हा जेवायला गेलो होतो, स्कॅनर टेबलावर होता, माझं लॉगिन चालू राहिलं असेल. डेटाबेसमध्ये फक्त 'कुणाच्या नावाने' हे होतं. कुठल्या स्कॅनरवरून, त्याआधी पाच मिनिटं तो स्कॅनर काय करत होता, हे सगळं लॉगमध्ये असायचं. घटना १९ दिवसांपूर्वीची होती.

"लॉग आहेत का?"

"नाहीत."

मॅनेजरने अंगठ्याचा इमोजी पाठवला. त्या माणसाचं कंत्राट संपवलं गेलं, असं नंतर कळलं. तो खरं बोलत होता की खोटं, मला माहीत नाही आणि आता कधीच कळणार नाही. मला त्याचा फक्त पाच आकडी युजर आयडी माहीत होता.

तेव्हापासून जुन्या नोंदी कोण पुसतं, केव्हा पुसतं आणि कुणाच्या परवानगीने, हे वाचायची मला सवय लागली. कामाशी त्याचा थेट संबंध नाही. पण हा विषय कॉम्प्युटरपेक्षा बराच जुना निघाला.

'लॉग' म्हणजे मुळात ओंडका. समुद्रात जहाज किती वेगाने चाललंय हे कळायला खूण नसते, म्हणून खलाशी दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा मागे पाण्यात टाकत आणि दोरी किती वेगाने सुटते ते बघत. इंग्लंडमध्ये विल्यम बोर्नने १५७४ च्या पुस्तकात ही पद्धत सांगितली आहे. पुढे त्या दोरीला ठरावीक अंतरावर गाठी आल्या. वाळूचं छोटं घड्याळ उलटं करायचं आणि वाळू संपेपर्यंत किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं. जहाजाचा वेग आजही 'नॉट'मध्ये, म्हणजे गाठींमध्ये, सांगतात तो यामुळे.

हे आकडे आधी खडूने एका फळ्यावर लिहिले जात. तासातासाला वेग, दिशा, वारा. दुपारी बारा वाजता फळ्यावरचं वहीत उतरवायचं आणि फळा पुसायचा. ती वही म्हणजे लॉगबुक. आमच्या भाषेत याला डेली रोटेट म्हणता येईल. फरक एवढाच की पुसण्याआधी एक माणूस ते सगळं वाचत होता आणि हाताने उतरवून घेत होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या कप्तानांना प्रवास संपल्यावर ही लॉगबुकं कंपनीकडे जमा करावी लागत. हेतू साधा होता: जहाज कुठून गेलं, उशीर का झाला, याचा हिशोब. अलेक्झांडर डॅलरिम्पल हा कंपनीचा सागरी नकाशांचा अधिकारी होता. त्याच्या प्रयत्नाने अठराव्या शतकाच्या शेवटी बऱ्याच जहाजांवर बॅरोमीटर आणि थर्मामीटरच्या नोंदीही होऊ लागल्या. प्रवास संपला, हिशोब मिटला, वह्या कपाटात गेल्या. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गेल्या काही वर्षांत हवामान शास्त्रज्ञांनी १७८९ ते १८३४ या काळातल्या सुमारे ९०० लॉगबुकांतून अडीच लाखांहून जास्त हवामान नोंदी काढल्या. १८०९ आणि १८१५ च्या मोठ्या ज्वालामुखी उद्रेकांनंतर जग किती थंड झालं, हे तपासायला त्या वापरल्या गेल्या. यातली कितीतरी जहाजं मुंबईकडे येणारी-जाणारी होती. खंबाटच्या आखाताबाहेर वारा कसा होता हे लिहिणाऱ्या त्या अधिकाऱ्याच्या डोक्यात फार तर उद्याचं वल्हं-शीड असेल. जागतिक तापमानाचा प्रश्न तेव्हा कुणी विचारलेलाही नव्हता.

असंच मॅथ्यू मॉरीचं. हा अमेरिकन नौदलातला अधिकारी. अपघातात पाय अधू झाला आणि समुद्रावर जाणं बंद झालं. १८४२ मध्ये त्याला वॉशिंग्टनमध्ये नकाशे आणि उपकरणांच्या कोठाराचं काम दिलं गेलं. कारकुनी काम. तिथे नौदलाच्या जुन्या लॉगबुकांचा ढीग पडून होता. मॉरीने एकेक वही उघडली, कुठल्या महिन्यात कुठे कसा वारा आणि प्रवाह होता ते काढलं आणि १८४७ मध्ये त्याचे नकाशे छापले. ते वापरणाऱ्या जहाजांचे प्रवास कित्येक दिवसांनी कमी झाले. त्याच्या आधीच्या अधिकाऱ्याला स्वच्छतेची आवड असती तर यातलं काहीच झालं नसतं.

आता आपल्या लॉगकडे. १९८० च्या आसपास एरिक ऑलमन नावाचा प्रोग्रामर कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात ईमेल पोचवणारा 'सेंडमेल' हा प्रोग्राम लिहीत होता. मेल कुठे अडकली हे शोधायचं तर नोंदी हव्यात, म्हणून त्याने सोबत 'सिसलॉग' लिहिला. कुठल्याही प्रोग्रामने एक ओळ पाठवायची, सिसलॉगने ती फाईलमध्ये टाकायची. ही सोय इतकी कामाची होती की बाकीचे प्रोग्रामही ती वापरू लागले. आज ऑफिसातल्या राऊटरपासून सर्व्हरपर्यंत सगळीकडे सिसलॉग किंवा त्याची नातवंडं सापडतात. त्याच्या यादीत अजूनही प्रिंटरसाठी आणि युजनेटच्या बातम्यांसाठी वेगळे खण आहेत. जुन्या वाड्यात घोड्यांचा तबेला राहून जावा, तसे.

सिसलॉगची एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्याच्या जुन्या पद्धतीच्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ असते. महिना, तारीख, तास, मिनिट, सेकंद. वर्ष नसतं. सेकंद आहे आणि वर्ष नाही! ही ओळ वर्षभराने कुणी वाचेल असं तेव्हा कुणाच्या मनातही आलेलं दिसत नाही.

आणि ते स्वाभाविक होतं. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसी एक्सटीची हार्डडिस्क १० एमबीची होती. मोठ्या संगणकांवर जागा जास्त असायची, पण ती अनेकांत वाटलेली. नोंदी ही नळाखालची बादली, भरली की ओतायची. सुरुवातीला प्रत्येक ॲडमिन त्यासाठी स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहायचा आणि ती रात्री आपोआप चालेल असं लावून ठेवायचा. मग एमआयटीच्या 'प्रोजेक्ट अथेना'मधून १९८७ च्या सुमाराला 'न्यूसिसलॉग' आलं आणि नव्वदच्या दशकात रेड हॅट कंपनीतून लॉगरोटेट.

दोन्हींची कल्पना एकच. चालू फाईलचं नाव बदलून तिला '१' लावायचा, कालच्या '१'ची '२' करायची, '२'ची '३'. शाळेच्या बाकावर एका टोकाला नवा मुलगा येऊन बसला की सगळे सरकतात आणि दुसऱ्या टोकाचा खाली पडतो, तसं. मग प्रोग्रामला सांगायचं की बाबा रे, फाईल बदलली, नवी उघड. त्यासाठी 'हँगअप' नावाचा सिग्नल पाठवतात. मूळचा तो सिग्नल टर्मिनलची फोन लाईन तुटली हे सांगण्यासाठी होता. ज्या प्रोग्रामला टर्मिनलच नाही त्याला या निरोपाचा काही उपयोग नव्हता, म्हणून लोकांनी तो दुसऱ्या कामाला लावला. जे प्रोग्राम हाही निरोप ऐकत नाहीत त्यांच्यासाठी लॉगरोटेटमध्ये एक पर्याय आहे: फाईलची नक्कल कर आणि मूळ फाईल रिकामी कर. नक्कल करणं आणि रिकामी करणं यांच्यामध्ये एक बारीकसा क्षण असतो. त्या क्षणात आलेल्या ओळी कुठेच जात नाहीत. लॉगरोटेटच्या मदत-पानावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आम्ही तरीही वापरतो.

लॉगरोटेट बसवलं की त्याच्याबरोबर एक तयार सेटिंग येते: दर आठवड्याला बदला, चार ठेवा. म्हणजे साधारण महिना. जगातल्या असंख्य मशीन्सवर नोंदींचं आयुष्य चार आठवडे आहे, कारण तिथल्या कुणी ती ओळ बदलली नाही. मी निदान बदलली होती. चाराचे सात केले आणि आठवड्याचा दिवस केला.

त्या वर्षी दिवाळीत ही सगळी कहाणी मी आत्याला सांगितली. आत्या तहसील कचेरीत कारकून म्हणून लागली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाली. ती करंज्यांना मुरड घालत ऐकत होती.

"म्हणजे तुमचा सहावा गठ्ठा," ती म्हणाली.

"कसला गठ्ठा?"

"अगं, आमच्याकडे सहा गठ्ठे असतात. टेबलावरचं चालू काम एकात. ज्याचं उत्तर यायचंय ते दुसऱ्यात. ठरलेल्या मुदतीचे अहवाल, कायमचे आदेश, रेकॉर्ड रूमला जायचं ते वेगळं. आणि सहावा नाश करायचा."

मग तिने मला वर्ग समजावले. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत प्रकरण संपलं की कागदाला वर्ग लावतात. अ म्हणजे कायम ठेवायचं. ब म्हणजे ३० वर्षं. क-१ दहा वर्षं, क पाच वर्षं, ड एक वर्ष. सहाव्या गठ्ठ्यात जातो तो ड.

"आणि वर्ग कोण ठरवतं?"

"ज्याने प्रकरण हाताळलं तो मांडतो, वरचा बघतो. जाळायच्या आधी यादी करायची, साहेबांची सही घ्यायची. नंतर कुणी विचारलं तर यादी दाखवता येते, की बाबा, हा कागद होता आणि अमुक तारखेला नियमाने गेला." तिने करंजी ताटात ठेवली. "तुझी यादी कुठाय?"

यादी नव्हती. लॉगरोटेट कुठली फाईल पुसली त्याची नोंद माझ्यासाठी ठेवत नव्हतं आणि ठेवली असती तर तीही सात दिवसांनी पुसली गेली असती.

आत्याची पद्धत आदर्श आहे असं मला म्हणायचं नाही. सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या कुणालाही सरकारी रेकॉर्ड रूमबद्दल विचारा. सही असली म्हणजे कुणी विचार केलाच असं नसतं, आणि याचं सगळ्यात भव्य उदाहरण लंडनमधलं आहे.

इंग्लंडच्या खजिन्यात बाराव्या शतकापासून पैशांच्या नोंदी लाकडी काठ्यांवर ठेवत. हेझलच्या काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडांना तळहाताएवढी जाड खाच, शंभराला अंगठ्याएवढी, वीसला करंगळीएवढी. मग काठी उभी चिरायची. एक अर्धं देणाऱ्याकडे, दुसरं घेणाऱ्याकडे. दोन्ही अर्धी जुळली तर हिशोब खरा, खाडाखोड करणं अशक्य. ही पद्धत १७८२ च्या कायद्याने बंद करायचं ठरलं, पण जुने अधिकारी पदावर असेपर्यंत चालू राहिली आणि १८२६ मध्ये संपली. मागे उरला काठ्यांचा ढीग.

ऑक्टोबर १८३४ मध्ये जागा हवी म्हणून त्या जाळायचं ठरलं. दोन गाड्या भरतील एवढ्या काठ्या होत्या. उघड्यावर जाळल्या तर शेजारचे तक्रार करतील, म्हणून हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या तळघरातल्या भट्ट्या निवडल्या. १६ ऑक्टोबरला सकाळपासून दोन मजूर काठ्या भट्टीत घालत होते. वाळलेलं लाकूड, भडका मोठा. दुपारी सभागृह बघायला आलेल्या पाहुण्यांना जमीन गरम लागली, धूर दिसला. घराची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंनी विचारणाही केली. काम पाचच्या सुमारास संपलं, मजूर घरी गेले आणि सहाच्या आसपास ज्वाळा दिसल्या. रात्रीत वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्याचा बहुतांश भाग जळून गेला. चित्रकार टर्नरने ती आग पाहून चित्रं काढली.

त्या आगीत हाऊस ऑफ कॉमन्सच्या शतकांच्या मूळ नोंदींपैकी बहुतेक गेल्या. लॉर्ड्सच्या वाचल्या, कारण त्या रस्त्यापलीकडच्या ज्युएल टॉवरमध्ये ठेवल्या होत्या. आमच्या धंद्यात याला ऑफसाइट बॅकअप म्हणतात. चौकशीत घातपात सापडला नाही, निष्काळजीपणा सापडला. परवानगी घेतलेली होती, माणसं नेमलेली होती, काम वेळेत संपलं होतं.

हे सगळं ऐकून माझा एक मित्र म्हणाला, मग पुसूच नका ना काही, स्टोरेज आता स्वस्त आहे. इतकं सोपं नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधकांच्या सोयीसाठी साडेसहा लाख लोकांचे तीन महिन्यांचे सर्च लॉग जाहीर केले, सुमारे दोन कोटी शोध. नावं काढून आकडे टाकले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी काही दिवसांतच एका आकड्यामागची वयस्कर बाई शोधून काढली, फक्त तिने काय काय शोधलं त्यावरून. गावातले माळी, तिच्या आडनावाची माणसं, आजार, कुत्रा. माणूस रात्री एकटा असताना मशीनला काय विचारतो हे साठून राहिलेलं असणं हाच धोका आहे. तुमचे-माझे गेल्या दहा वर्षांचे शोध आठवून बघा. काही नोंदी वेळेत मरायलाच हव्यात.

पण मग कुठल्या? मला वाटतं, इथे आत्याचा वर्ग लावण्याचा प्रश्न येतो, आणि त्याच्या मागे आणखी एक: ती नोंद कुणाच्या ताब्यात आहे. ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण त्यासाठी वाचावं. १९९९ पासून तिथल्या छोट्या शाखांमध्ये 'होरायझन' नावाचं, फुजित्सूने चालवलेलं सॉफ्टवेअर बसलं. हिशोबात तूट दिसायला लागली. शाखा चालवणाऱ्या शेकडो लोकांवर चोरी आणि खोट्या हिशोबाचे खटले झाले. काही तुरुंगात गेले, काहींची घरं विकली गेली. ते सांगत होते, तूट मशीन दाखवतंय, पैसे आम्ही घेतले नाहीत. प्रत्येक बटणाची तपशीलवार नोंद फुजित्सूच्या साठ्यात होती. पण ती मागवायचा अधिकार शाखाचालकाला नव्हता, पोस्ट ऑफिसला होता, आणि वर्षाला ठरावीक संख्येपलीकडे मागवली तर जास्त पैसे पडत. कित्येक खटल्यांत ती मागवलीच गेली नाही. डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सॉफ्टवेअरमध्ये दोष होते असा निकाल दिला आणि एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने एकाच निकालात ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या.

एप्रिल २०२१. मी ७ टाईप केला त्याच्या दोन-तीन महिने आधी. ती बातमी मी तेव्हा फोनवर वाचली होती आणि वर सरकवली होती.

आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ रोजी 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने आदेश काढला की यंत्रणांचे लॉग मागचे १८० दिवस जपून ठेवा आणि ते देशातच ठेवा. त्याचा हेतू सायबर हल्ल्यांचा तपास. गोदामातल्या रात्रपाळीच्या माणसाचा विचार त्यात नाही, आणि सरकारच्या हाती नागरिकांच्या इतक्या नोंदी सहज याव्यात का, हा वादही रास्त आहे. ऑफिसात सगळ्यांनी कपाळावर हात मारला. डिस्कचं बिल कोण भरणार? मी मात्र कागद घेऊन बसले आणि आमच्या प्रत्येक लॉगसमोर अ, ब, क, ड लिहायला लागले. शेजारच्या टेबलवरच्याने विचारलं, हे काय शाळेचे मार्क्स आहेत का?

आता मी दुसरीकडे काम करते. डीबगिंगच्या बडबडीला तिथे तीन दिवस मिळतात, ड पेक्षाही खाली. कुणी, कुठल्या डिव्हाइसवरून, केव्हा लॉगिन केलं आणि काय बदललं, हे वेगळ्या फाईलमध्ये जातं आणि वर्षभर राहतं. लोकांनी काय शोधलं, काय वाचलं, हे लिहूनच घेत नाही. प्रत्येक सेटिंगच्या वर एक ओळ असते: हा आकडा का, कुणी ठरवला, कुणाला विचारून. महिन्याला पुसलेल्या फाईलींची यादी तयार होते आणि ती माझ्या मॅनेजरला मेल जाते. तो ती उघडत नाही, मला माहीत आहे.

जुन्या कंपनीत ती ७ ची सेटिंग नंतर बदलली. पण कोडमधला प्रत्येक बदल 'गिट'मध्ये साठतो आणि तिथे रोटेट नसतं. त्यामुळे लॉग गेले तरी ती ओळ तिथे अजून आहे. माझं नाव, तारीख, वेळ रात्रीची २:३४, आणि मी स्वतः टाईप केलेलं कारण: "किरकोळ साफसफाई".